डाव्या हाताचा कीबोर्ड

माझ्या लग्नाची पत्रिका अडून बसली होती. मुहूर्तावरून नाही, मुहूर्त आमच्यात बघतच नाहीत. हॉलवरून नाही, मानापानावरूनही नाही. अडली होती ती एका यूएसबीच्या पोर्टापाशी. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात, की बिचारीनं फार वर्षं स्क्रीनपुढं काढली, त्याचा परिणाम. बघू देत. ज्यांना माझी ताई माहीत आहे ते हसत नाहीत.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मी शाळेत जायच्या आधीच आई-वडील गेले आणि मला वाढवलं ते तिनं. तेव्हा तिचंच वय कॉलेजात मिरवायचं. तिनं मराठी टायपिंगची परीक्षा दिली, उल्हासनगरच्या कॅम्पात एका गल्लीत एवढासा गाळा घेतला आणि डीटीपीचं दुकान टाकलं. लोकांनी चिठ्ठीवर खरडून आणलेला मजकूर टाइप करायचा, नीट जुळवायचा, छपाईला तयार करून द्यायचा. बिलबुकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, सगळं व्हायचं. पण ताईचा जीव लग्नपत्रिकेत. एका दिवसात तिच्या टेबलावरून आमच्या लोकांची 'मंगल परिणय' जायची, कुणाची गणपतीची जायची आणि सिंध्यांची झूलेलालची जायची. चुका तिन्हींत नसायच्या.

प्रत्येक मराठी पत्रिकेच्या तळाला एक ओळ असते, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि तिच्याखाली घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं. तिला म्हणतात किलबिल. मी लहानपणी दुकानात बसून अभ्यास करायचे आणि त्या नावांवर जळायचे. आमच्या घरात माणसं दोन. कुणाचं लग्न होणार आणि माझं नाव कुठं छापून येणार? एकदा मी यावरून एवढं भोकाड पसरलं की शेजारचे चेनवाले काका धावत आले. हे सिंधी काका, जीन्सवाल्यांना चेन, बटणं पुरवतात, आणि ताईला 'अदी' म्हणजे बहीण म्हणतात, ती त्यांच्याहून कितीतरी लहान असूनही. ताईनं मला गप्प केलं नाही. तिनं गिऱ्हाइकांना दाखवायची एक नमुन्याची पत्रिका केली. वराच्या नावाच्या जागी टिंबं, वधूच्या नावाच्या जागी टिंबं, आणि किलबिलमध्ये ठसठशीत अक्षरात फक्त माझं नाव. ती अजून दुकानाच्या भिंतीवर आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

"तुझ्या लग्नाची पत्रिका मीच जुळवणार, बाळ," हे ती तेव्हापासून म्हणत आलेली. मी पस्तिशी ओलांडली, तरी 'बाळ' काही सुटलं नाही.

माझं लग्न ठरलं आणि थोड्याच दिवसांत ताईला दुकानातच अर्धांगवायूचा झटका आला. चेनवाले काकांनी तिला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं, म्हणून ती वाचली. वाचा महिन्याभरात परत आली, जरा जड झाली पण पूर्वीइतकीच तिखट. पाय ओढत का होईना, चालायला लागली. उजवा हात मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही. व्यायाम चालू ठेवा.

ती आमच्या बदलापूरच्या, कात्रपमधल्या घरात गॅलरीत बसायची, उजवा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. एके दिवशी तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "पत्रिका बाहेरून करून घे."

"नाही करणार."

"बाळ, हट्ट करू नकोस. लोक वाट बघतायत."

"बघू देत. तू करशील तर पत्रिका. नाहीतर नाही."

लोक खरंच वाट बघत होते. ज्याच्याशी माझं ठरलं होतं तो बदलापुरातल्याच हेंद्रेपाड्यातला. त्याची आई दर फोनला विचारायची, "पत्रिका कधी येणार गं? पहिली विहारात ठेवायचीय." बाईंचा स्वभाव गोड, त्यामुळे चिडताही येईना.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत नोकरी करते. मशीनच्या पोटात बसणारे छोटे कॉम्प्युटर आम्ही तयार करतो, तळहाताएवढ्या हिरव्या बोर्डावर मावणारे. माझा होणारा नवराही तिथंच कामाला. बोर्ड तो तयार करतो आणि त्या बोर्डात जीव घालायचं काम माझं. त्या जीवाला कर्नल म्हणतात, आणि कर्नल तयार करण्याआधी एक मेनू समोर येतो, लांबच्या लांब. हजारो ओळी. प्रत्येक ओळीला उत्तर द्यायचं: हा ड्रायव्हर हवा, नको, की आत्ता बाहेर ठेवून लागेल तेव्हा बोलवायचा. लोकांना हे काम भयंकर कंटाळवाणं वाटतं. मला आवडतं. भाजी निवडत बसावं तशी मी निवडत बसते.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डोक्यात आलं, की हेच काम मी दिवसभर परक्यांच्या मशीनसाठी करते, ताईसाठी का नाही?

ताईच्या दोन्ही हातांना टाइपरायटरचा कीबोर्ड पाठ. ह्रस्व वेलांटी आधी मारायची मग अक्षर, हे सुद्धा बोटंच करतात, तिला विचार करावा लागत नाही. डाव्या हाताला डावा अर्धा कीबोर्ड येतोच. अंगठ्यानं स्पेस दाबून धरली की त्याच बटणांतून उजव्या बाजूची अक्षरं उमटवायची, उलट क्रमानं, म्हणजे उजव्या तर्जनीचं काम डावी तर्जनी करेल, करंगळीचं करंगळी. बोटांना नवीन काही शिकायला नको.

असं सॉफ्टवेअर दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकता आलं असतं. पण त्या कॉम्प्युटरला हात लावायची सोय नव्हती. तो जुना, त्यातलं टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं, एक काही नवीन टाकलं की बाकीचं रुसून बसतं. ताईची धमकी कायमची होती, "माझ्या मशीनला हात लावलास तर बघ." तेव्हा जे काही करायचं ते बाहेरून. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये आमचा एक छोटा बोर्ड बसवायचा. त्यानं एका पोर्टातून ताईचा कीबोर्ड वाचायचा आणि दुसऱ्या पोर्टातून कॉम्प्युटरला बेधडक सांगायचं, 'मीच कीबोर्ड.'

यूएसबीच्या वायरीत दोन्ही टोकांना सारखा मान नसतो. एक टोक विचारणारं, त्याला होस्ट म्हणतात. दुसरं उत्तर देणारं, ते डिव्हाइस. डिव्हाइस आपणहून अवाक्षर काढत नाही. होस्टनं 'तू कोण?' विचारलं की सांगायचं, मी पेनड्राइव्ह, मी प्रिंटर, मी कीबोर्ड. बोर्डाला असं उत्तर देता यावं म्हणून त्यात डिव्हाइस कंट्रोलर नावाचा भाग असतो, आणि त्याचा ड्रायव्हर मेनूत निवडावा लागतो. तिथं तीन पर्याय होते: फक्त होस्ट, फक्त डिव्हाइस, दोन्ही.

मी हावरट. एकीकडून वाचायचंय, दुसरीकडून उत्तर द्यायचंय, म्हणून 'दोन्ही' घेतलं. बोर्ड लॅपटॉपला लावला. ढिम्म. लॅपटॉप विचारतोय तू कोण, बोर्ड उलट विचारतोय तू कोण. ते 'दोन्ही' एकाच पोर्टाचं होतं, एका वेळी एकच, आणि कोणतं ते वायरीच्या एका पिनवरून ठरायचं. ती पिन आमच्या बोर्डावर जोडलेलीच नव्हती. मी होणाऱ्या नवऱ्याच्या टेबलापाशी जाऊन भांडले.

"पिन कुठाय?"

"लागत नव्हती, म्हणून नाही जोडली."

"लागत नव्हती म्हणजे? मला विचारायचं तरी!"

"बाई, मेनूत 'फक्त डिव्हाइस' असं स्वच्छ लिहिलंय. वाचता येतं ना?" मग हळूच म्हणाला, "वाचायचा कीबोर्ड दुसऱ्या पोर्टात आहे, तिथला कंट्रोलर वेगळा. ह्याला एकच काम दे."

दिलं. लॅपटॉपनं विचारलं, बोर्डानं सांगितलं, मी कीबोर्ड. लॅपटॉपनं मान्य केलं. मी ऑफिसात टाळी वाजवली.

बोर्ड लावलेला कीबोर्ड घरी आणून ताईपुढं ठेवला. तिला गोंधळ नको म्हणून मी उजव्या अर्ध्या भागावर पुठ्ठा चिकटवला होता. हुशारीच केली होती ना! ताई बघत राहिली.

"हे काय?"

"कीबोर्ड. तुझ्यासाठी."

"अर्धा का झाकलास?"

तिनं डाव्या हातानं पुठ्ठ्याची कड धरली आणि ओढून काढला. चिकटपट्टी करकरत निघाली.

"ती बटणं माझी आहेत," ती म्हणाली. "हात परत आला तर बसायला जागा नको त्याला?"

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कुकर घासला. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम बदलला. आता उजवी बटणंही जशीच्या तशी चालत होती, कुणी दाबलीच तर.

बरेच दिवस कीबोर्ड रुमालाखाली पडून होता. पण मी ऑफिसातून आले की रुमालाची घडी बदललेली असायची. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं तो कीबोर्ड भंगारवाल्याला दिला असता. शेवटी एका रविवारी चहा पिताना तीच म्हणाली, "इथं लॅपटॉपवर मी काही जुळवणार नाही. माझी खुर्ची, माझं मशीन. दुकानात चालतं का ते बघू. आणि उघडणार मी. तू मध्ये पडायचं नाहीस."

"शटर?"

"शटर काका वर करतील. बाकी सगळं मी."

तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो. काकांनी शटर वर केलं. त्यांनी आतली धूळ आधीच पुसून ठेवली होती. "अदी, आज पहला काम मेरा. विजिटिंग कार्ड खतम है," ते म्हणाले. ताई म्हणाली, "पहिलं काम ठरलंय, काका. तुमचं दुसरं." काका हसले आणि मला त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसायला सांगितलं. मी कसली बसते! दारातच उभी राहिले.

ताईची एक पद्धत आहे. गल्लीत एकदा शॉर्टसर्किट होऊन दोन गाळे जळले, तेव्हापासून ती निघताना मेन स्विच बंद करते आणि सकाळी आल्यावर आधी भिंतीवरच्या तथागतांच्या फोटोला हात जोडते, मग मेन स्विच वर. पंखा, दिवा, कॉम्प्युटर, सगळं एकदम सुरू होतं. त्या दिवशी तिनं एकच हात कपाळाला लावला आणि स्विच वर केला. खुर्चीत बसली. ओढणी नीट केली. स्क्रीन उजळला.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. कीबोर्ड सापडत नाही. पुढं जाण्यासाठी एफ-वन दाबा.

जुन्या मशीनचा हा विनोद आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं पाहिलेला. कीबोर्ड नाही म्हणे, आणि बटण दाबा म्हणे! मला फस्सकन हसू आलं. ताईनं ओळ वाचली, मांडीवरच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ. त्यालाही कळलं."

मी पुढं झाले.

"ताई, तसं नाही गं. बोर्ड उठायला उशीर करतोय, एवढंच. मी आत्ता..."

"चल घरी."

"ऐक तरी..."

"बाळ, चल म्हटलं ना." तिनं मेन स्विच खाली केला. रिक्षानं आम्ही बदलापूरला परत आलो. दोन दिवसांनी म्हणाली, "आता बाहेरून करून घेशील ना?" आणि तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ताई रागावत नाही म्हणजे ताईनं सोडून दिलं, एवढं मला लहानपणापासून कळतं.

चूक माझी होती आणि साधी होती. माझ्या लॅपटॉपवर बोर्ड चालला कारण लॅपटॉप आधीच चालू असायचा. दुकानात मात्र ताईच्या पद्धतीमुळे दोघांना एकाच क्षणी वीज मिळाली. जुना कॉम्प्युटर उठल्या उठल्या एकदाच विचारतो, कीबोर्ड आहे का? नाही म्हटलं की हटून बसतो. माझा बोर्ड तेव्हा डोळेच चोळत होता. डिव्हाइस कंट्रोलरचा आणि कीबोर्डचा ड्रायव्हर मी कंपनीच्या सवयीनं 'लागेल तेव्हा बोलवा' असा बाहेर ठेवलेला. आधी कर्नल उठणार, मग डिस्क शोधणार, मग त्या ड्रायव्हरला हाक मारणार. तोवर विचारणारा विचारून मोकळा.

"ताईंना सांग ना, बोर्डाला वेगळा चार्जर लाव, आधी तो चालू कर, मग कॉम्प्युटर," तो ऑफिसात म्हणाला.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "ती सकाळी एक स्विच वर करते. एकच करणार. दुखण्यामुळे तिनं सगळं बदललंय, हे नाही बदलायचं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. मग आम्ही दोघं रोज जेवणाच्या सुट्टीत डबा खात तो मेनू वरून खाली चाळायला बसलो. कंट्रोलरचा ड्रायव्हर, कीबोर्डचा ड्रायव्हर, दोन्ही थेट कर्नलच्या आत घेतले, बोलवायची भानगडच नको. आणि बाकीचं काढत सुटलो. आवाज नको. कॅमेरा नको. वायफाय नको. नेटवर्क पूर्ण नको. "हे काय आहे?" "माहीत नाही." "मग नको." एकदा उत्साहात मी यूएसबीच काढून टाकलं आणि बोर्ड पार गप्प झाला, तेव्हा तो इतका हसला की त्याला भाताचा ठसका लागला. माझं लग्न ज्या माणसाशी होणार होतं तो चांगला माणूस आहे हे मला आधीच माहीत होतं, पण त्या दिवसांत मला तो फार आवडला. हळूहळू कर्नल हलका झाला. वीज मिळाली की बोर्ड ताडकन उठायला लागला. कंपनीच्या भंगारात ताईच्या मशीनइतकाच जुना एक कॉम्प्युटर होता, त्याच्याबरोबर आम्ही बोर्ड पुन्हा पुन्हा एकाच स्विचवर चालू केला. दर वेळी विचारणाऱ्याला उत्तर मिळालं.

आता ताईला परत कसं न्यायचं? मी तिच्यापुढं गॅलरीत खाली फरशीवर बसले आणि जे होतं ते बोलले. "ताई, त्या दिवशी तुझा हात कमी नाही पडला. माझा बोर्ड झोपला होता. आता नाही झोपणार. मला तुझ्या हातची पत्रिका हवीय. मला आई आठवत नाही गं, तूच आठवतेस. मला दुसऱ्या कुणाच्या हातची चालणार नाही."

तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली, डाव्या हातानं, जोरात.

"फरशी गार आहे. ऊठ. सर्दी होईल."

पुढच्या सकाळी आम्ही दुकानात होतो. ताईनं मला बाहेर काढलं आणि काचेचं दार लावून घेतलं. मी काकांच्या स्टुलावर बसले. काचेतून दिसलं, तिनं हात कपाळाला लावला, स्विच वर केला. पंखा फिरायला लागला. ती खुर्चीत बसली. स्क्रीन तिच्या पाठीआड होता, त्यामुळे मला काहीच दिसेना.

ती उठली नाही.

"चल गया क्या?" काकांनी विचारलं. मी मान हलवली. "वाह, अदी!" ते म्हणाले आणि डोळे पुसत चेनचा गठ्ठा सोडायला लागले, तोही चुकीचाच. गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा त्यांना कळलं.

दोनदा चहा झाला. तिचा डावा खांदा हलताना दिसायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा हलायचा. एकदा तिनं हात झटकला, अंगठा चोळला. मी उठणार तेवढ्यात काका म्हणाले, "बैठ, बेटा. उसको करने दे."

मग प्रिंटर घरघरला आणि दार उघडलं.

"ये," ताई म्हणाली. "स्पेस धरून धरून अंगठ्याची वाट लागली माझ्या. प्रूफ वाच. चूक निघाली तर आत्ताच सांग."

मी कागद घेतला. वर तथागत, खाली 'मंगल परिणय'. त्याचं नाव, माझं नाव, त्याच्या आई-वडिलांची नावं. निमंत्रक म्हणून ताई. तारीख, हॉलचा पत्ता, सगळं जिथल्या तिथं. एकही काना इकडचा तिकडं नाही. मी शेवटपर्यंत आले. आमच्या घरात मूल नाही, तेव्हा तळाशी काही नसणार हे मी धरूनच चालले होते.

तळाशी किलबिल होती.

'माझ्या बाळाच्या लग्नाला यायचं हं!'

आणि तिच्याखाली, चिल्ल्यापिल्ल्यांची नावं असतात त्या जागी, फक्त ताईचं नाव.